नाकशिंकणी: नाकात ओढायची की डोळ्यात पिळायची?

प्रश्न : आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. भात कापून झालं की ओलसर खाचरात, वालाच्या रोपांमधून, जमिनीला चिकटून एक बारीक तण पसरतं. सासूबाई त्याला नाकशिंकणी म्हणतात. ते वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवतात आणि डोकं जड झालं की चिमूटभर ओढतात. मग शिंकांवर शिंका येतात आणि त्या म्हणतात, "सायनस मोकळा झाला." इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण जवळच्या पाड्यावर डोळे आले किंवा डोळ्यात फूल पडलं तर हिचाच ताजा रस डोळ्यात पिळतात. माझा मुलगा कल्याणला कॉलेजात शिकतो. तो म्हणतो, हे सगळंच थोतांड. नाकाचं आणि डोळ्याचं औषध एकच कसं असेल? खरं कुणाचं मानायचं? आणि उन्हाळ्यात ती नाहीशी होते, तर कुंडीत लावता येईल का?
(एक वाचक, ता. मुरबाड)

उत्तर : सगळ्यात निकडीचं आधी सांगतो. रस डोळ्यात पिळू नये. कुणाच्याही नाही, आणि तो कितीही ताजा असला तरी नाही. का, ते ओघात येईलच. बाकीचं सावकाश बघू, कारण तुमच्या घरातल्या भांडणात सासूबाई आणि चिरंजीव दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे.

आधी झाडाची ओळख पटवू. नाकशिंकणी सूर्यफुलाच्या कुळातली. हे ऐकून हसू येईल, कारण सूर्यफूल माणसाच्या डोक्यावरून जातं आणि ही बोटभरही उंच होत नाही. पानं नखाएवढी, टोकाशी दोन-चार दाते असलेली. पानाच्या बगलेत बिनदेठाचं, तीन-चार मिलिमीटरचं हिरवट पिवळं बटण, ते तिचं फूल. त्याला पाकळ्या नसतात, म्हणून बहुतेकांना ते फूल वाटतच नाही. पान चुरगळून नाकाशी नेलं की ओळखीबद्दल शंका राहत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली तिला दवण्याच्या प्रजातीत घातलं होतं. आज तिचं शास्त्रीय नाव सेंटिपेडा मिनिमा असं आहे, आणि जुन्या पुस्तकांत सेंटिपेडा ऑर्बिक्युलॅरिस असंही सापडेल.

हे सांगायचं कारण म्हणजे त्याच बांधावर, त्याच ओलीत माका येतो आणि माशीपत्रीही येते. माक्याचं फूल पांढरं, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. माशीपत्रीची पिवळी बटणं मात्र लांबून फसवतात; ती मोठी असतात, देठावर असतात आणि पानं चांगली कातरलेली असतात. दुसरा घोटाळा बाजारातला. काष्ठौषधींच्या दुकानात 'नकछिकनी' मागितली तर कधी हे तण मिळेल, तर कधी भलतंच काही. हिरणदोडी नावाच्या रुईच्या कुळातल्या वेलीलाही हिंदी पुस्तकांत तेच नाव दिलेलं आहे. सासूबाई स्वतःच्या खाचरातली, स्वतः ओळखून आणतात, म्हणून या बाबतीत त्यांची पुडी दुकानातल्या पुडीपेक्षा जास्त भरवशाची. फक्त तणनाशक मारलेल्या शेतातली आणू नये. सासूबाईंच्या तरुणपणी हा प्रश्नच नव्हता, आता आहे.

आता शिंका. नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात ट्रायजेमिनल नावाच्या चेतेची टोकं पसरलेली असतात. धूळ, मिरचीचा खकाणा, तपकीर, नाकशिंकणी, कशानेही ती टोकं डिवचली गेली की मेंदूच्या बुडाशी खबर जाते. तिथून छातीला, घशाला, पोटाच्या स्नायूंना एकदम हुकूम सुटतो आणि शिंक येते. त्याच दमात अस्तरातल्या ग्रंथींनाही पाणी सोडायचा हुकूम होतो, म्हणून शिंकांपाठोपाठ नाक गळू लागतं. नाकशिंकणीत ही कामगिरी करणारी तिखट, कडू द्रव्यं आहेत. त्यांच्या गटाला सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण या गटातल्या एका द्रव्याशी आपली ओळख जुनी आहे. १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं आणि नंतर देशभर पसरलेलं गाजरगवत सूर्यफुलाच्याच कुळातलं, आणि त्याने अंगाला येणारी खाज याच गटातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे येते. तेव्हा ज्याला गाजरगवत सोसत नाही, त्याने नाकशिंकणीच्या वाटेला जाऊ नये. हा हिशेब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खाज हाताला येते आणि चिमूट नाकात जाते, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला जात नाही.

तपकिरीचं नाव निघालं म्हणून एक शंका इथेच फेडतो. नाकशिंकणीचं तपकिरीसारखं व्यसन लागतं का, असं पुष्कळ जण विचारतात. तपकीर तंबाखूची असते आणि व्यसन निकोटिनचं लागतं. नाकशिंकणी तंबाखूच्या कुळातली नाही, तेव्हा ती भीती नको. सवय मात्र लागू शकते, कारण मोकळं वाटणं हीच मोठी लालूच असते.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ. "सायनस झालाय" असं आपण म्हणतो, पण सायनस प्रत्येकालाच असतात. डोक्याच्या हाडांतल्या त्या हवेच्या पोकळ्या आहेत, चार जोड्या: कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि त्यामागे खोलवर. प्रत्येक पोकळी एका बारीक वाटेने नाकात उघडते. सगळ्यात मोठी पोकळी गालातली, आणि तिची रचना मोठी गैरसोयीची. तिचं दार तळाशी नाही, वर छताजवळ आहे. तोटी बुडाला बसवायची सोडून गळ्याशी बसवलेल्या रांजणासारखा हा प्रकार. माणूस उभा असताना आतला द्रव आपोआप खाली वाहून जाण्याची सोय नाही. अस्तरावरच्या अतिसूक्ष्म केसांची लाट शेंबडाचा पातळ थर सतत वर ढकलत दाराशी नेते, तेव्हा कुठे पोकळी साफ राहते. सर्दीत अस्तर सुजतं, दार बुजतं, केसांची लाट मंदावते, आत साचतं आणि गाल-कपाळ ठणकतं.

शिंकेने हे साचलेलं बाहेर फेकलं जातं का? नाही. शिंकेचा झोत नाकातल्या वाटेने जातो, बाजूच्या बंद खोल्यांत शिरून झाडलोट करत नाही. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून बघितलं. काही जणांच्या नाकात सीटी स्कॅनमध्ये उमटणारा द्रव घातला, त्यांना शिंकायला, खोकायला, नाक शिंकरायला लावलं आणि नाकातला दाब मोजला. नाक शिंकरताना दाब शिंकण्याच्या दहापटीहून जास्त भरला, आणि शिंकरण्याने नाकातला द्रव सायनसमध्ये उलटा ढकलला गेला. शिंकेने आणि खोकल्याने तसं झालं नाही. म्हणजे शिंक सायनस साफ करत नाही, पण त्यात घाणही भरत नाही. घाण भरतो तो शिंकांनंतरचा जोरदार "फर्रर्र". सासूबाईंना सांगायचं असेल तर एवढं सांगा: शिंका आल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून जोर काढू नये, एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करावी.

मग त्यांना बरं वाटतं ते खोटं का? तेही नाही. ग्रंथींनी सोडलेल्या पाण्याने नाकातला घट्ट चिकट शेंबूड पातळ होतो, सुटतो, वाट मोकळी होते, श्वास सरळ लागतो. डोकं जड वाटण्यात चोंदलेल्या नाकाचा वाटा मोठा असतो, तो हलका होतो. हा गुण खरा आहे आणि बहुधा घटका-दोन घटकांचा आहे. मुलाचं 'थोतांड' इथे लंगडं पडतं. पण सायनसची सूज त्याने उतरत नाही, म्हणून दुपारी पुन्हा पुडी काढावी लागते. त्यात आणखी एक गंमत. सर्दीतून येणारा सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. सहाव्या दिवशी जो उपाय केला, त्याला बरं केल्याचं श्रेय मिळतं. यात वनौषधीच नाही, डॉक्टरांकडून हट्टाने लिहून घेतलेली अँटिबायोटिकंही याच रांगेत उभी आहेत, हे कॉलेजातल्या चिरंजीवांनाही सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: नाकाचं आणि डोळ्याचं औषध एकच कसं?

नाक आणि डोळा दोन ठिकाणी जोडलेले आहेत. पहिली जोडणी पाण्याची. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. तिथून अश्रू एका नळीत उतरतात आणि ती नळी नाकात उघडते. रडताना नाक गळतं ते म्हणून. डोळ्यात कडू थेंब घातला की घशात कडू लागतं, तेही म्हणून. दुसरी जोडणी चेतेची, आणि तुमच्या प्रश्नाला तीच महत्त्वाची. मघाची ट्रायजेमिनल चेता तीन शाखांची आहे. तिची पहिली शाखा कपाळ आणि डोळा सांभाळते, आणि तिचाच एक फाटा नाकाच्या आतल्या पुढच्या भागात येतो. एकाच शाखेवर दोन्ही घरं असल्यामुळे एकात गडबड झाली की दुसऱ्यात कळतं. कांदा डोळ्याला झोंबतो आणि नाक वाहतं. नाकशिंकणी नाकाला झोंबते आणि डोळे पाझरतात. काही माणसांना अंधाऱ्या घरातून लख्ख उन्हात आलं की शिंका येतात; तो उजेडाचा आणि नाकाचा असाच आडवाटेचा संबंध आहे आणि तो घराण्यात चालत येतो.

म्हणजे नाकात ओढलेल्या पुडीने डोळ्यात भरपूर पाणी येतं. डोळा धुतला जातो, चुरचुर कमी होते. 'डोळ्याचं औषध' ही ख्याती इथून आली असावी, असं मला वाटतं. याला दुजोरा देणारी गोष्ट चीनमध्ये सापडते. तिथे हीच वनस्पती शेकडो वर्षं औषधात आहे आणि आजच्या सरकारी औषधकोशातही आहे. तिथलं नाव मोठं मजेदार: हंस न खाणारं गवत. ली शिझेन यांच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या औषधींच्या प्रचंड ग्रंथात लाल, सुजलेल्या डोळ्यांसाठी हिचं चूर्ण सांगितलं आहे. सोबत निळीच्या झाडापासून केलेली पूड आणि आणखी एक मुळी असते. आणि ते द्यायचं कसं? तोंडात पाणी धरायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढं चूर्ण नाकात ओढायचं. डोळ्यातून पाणी आलं की गुण आला असं समजायचं. रोग डोळ्याचा, पण औषधाची वाट नाकाची.

आपल्याकडेही वाट तीच. चरकसंहितेत शिरोविरेचनाच्या, म्हणजे नाकावाटे डोक्यातला कफ काढण्याच्या, दहा औषधांत क्षवक येतं. सुश्रुतांच्या सुरसादि गणातही ते आहे, आणि त्या गणाच्या कामांत सर्दी आहे, दमा-खोकला आहे, कृमीही आहेत. क्षवक म्हणजे नाकशिंकणी असं बहुतेक वैद्य मानतात. मानेच्या वरच्या रोगांसाठी नाकातून औषध देणं, म्हणजे नस्य, हा आयुर्वेदाचा राजमार्गच आहे. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठचे मूळ रहिवासी हिच्याच एका बहिणीचा काढा दुखऱ्या डोळ्यांसाठी आणि सर्दीसाठी वापरत आले आहेत. तिथे तिला 'ओल्ड मॅन वीड' म्हणतात. पण तोही उकळलेला काढा. पाला तळहातावर चुरगळून रस थेट पापणीखाली सोडणं, हे या ग्रंथांतही नाही आणि त्या नदीकाठीही नाही. ती पुढे कुणीतरी काढलेली आडवाट दिसते: नाकातून डोळ्याला गुण येतो, तर थेट डोळ्यातच घातलं तर दुप्पट येईल, असा हिशेब.

हा हिशेब कुठे चुकतो ते बघा. नाकाचं अस्तर सोशिक आहे. त्यावर सतत शेंबडाचा थर असतो, आणि त्याला ओरखडा गेला तरी ते लवकर भरून येतं. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, कारण त्या असत्या तर आरपार दिसलं नसतं. रक्त नाही म्हणून जंतूंशी लढायला कुमक उशिरा पोचते, आणि जखम भरली तरी कधी पांढरा डाग मागे राहतो. गावात ज्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात, तो हाच डाग. म्हणजे फूल घालवायला रस पिळायचा आणि त्या रसानेच नवं फूल पडायचं, असा हा उफराटा व्यवहार होतो.

मुरबाड-शहापूरकडे याला आणखी एक पदर आहे. भातझोडणीच्या दिवसांत कूस, तूस, पेंढ्याचा तुकडा डोळ्यात जाणं नेहमीचंच. त्या कुसाबरोबर शेतातली बुरशी बुबुळाच्या ओरखड्यात शिरते आणि तिथे जखम करते. भात पिकवणाऱ्या मुलखांत डोळ्यांच्या डॉक्टरांना हा आजार चांगला ओळखीचा आहे. सुरुवातीला नुसतं खुपतं, लाली असते, पाणी येतं. चार-आठ दिवसांनी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. नेमके हेच दिवस नाकशिंकणी खाचरात उगवण्याचे. पाला हाताशी असतो, दवाखाना लांब असतो, आणि न धुतलेल्या पाल्याच्या रसातून मातीतले जंतू त्याच ओरखड्यावर जाऊन बसतात. म्हणून डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ पाण्याने धुवावं, चोळू नये, आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल किंवा बुबुळावर ठिपका दिसला तर मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालणं हेही रस पिळण्याइतकंच वाईट. बुरशीला ते थेंब फार मानवतात.

डोळे येणं वेगळं. ती साथ बहुधा विषाणूंची असते आणि आठवडा-दोन आठवड्यांत जाते. मोतीबिंदू आणखी वेगळा. त्यात धुरकट होतं ते बुबुळाच्या मागे असलेलं भिंग. वरून घातलेला कोणताही रस, मध, गुलाबपाणी ते भिंग पुन्हा काचेसारखं करू शकत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते. 'पडळ' हा शब्द आपण फूल आणि मोतीबिंदू दोन्हींना सैलपणे वापरतो, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर जातो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पाड्यावरच्या डोळ्याच्या औषधांबरोबर 'डोळ्यातले किडे काढणारा' हमखास येतो, म्हणून थोडं विषयांतर करतो. पाला बांधला, धुरी दिली, आणि पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवले, असा तो खेळ. दातांतले किडे काढणंही याच जातीचं; त्यासाठी आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात. युरोपात हाच खेळ रिंगणीच्या कुळातल्या खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. निखाऱ्यावर त्या बिया फुगून फुटतात, आतला वळलेला अंकुर बाहेर येतो आणि तो थेट अळीसारखा दिसतो. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीकाराने १५९७ सालीच आपल्या ग्रंथात या ठकबाजीचा भांडाफोड केला होता. डोळ्यात खरोखरची जंत-अळी सापडल्याच्या घटना डॉक्टर नोंदवतात, नाही असं नाही. पण त्या क्वचित असतात आणि एकावेळी वाटीभर निघत नाहीत.

आता पुडीबद्दल, कारण सासूबाई ती सोडणार नाहीत आणि त्यांनी पूर्ण सोडावीच असा माझा आग्रहही नाही. ज्या ग्रंथांच्या नावावर हे औषध चालतं, त्यांनी घातलेली पथ्यं मात्र घरोघर विसरली गेली आहेत. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात नस्य कुणाला देऊ नये याची भलीमोठी यादी आहे. सात वर्षांच्या आतलं मूल, ऐंशीच्या पुढचा माणूस, नुकतंच जेवलेला, नुकतंच डोक्यावरून न्हालेला, बाळंतीण, दमेकरी, खोकलेकरी. आणि या यादीत नवी सर्दी आहे! आपण शिंक आली रे आली की पुडी काढतो. ग्रंथ म्हणतो, सर्दी नवीन असताना नको. आजच्या वैद्यकाशीही याचा मेळ बसतो. दम्याच्या माणसाला नाकातला तिखट झोंबरा पदार्थ श्वासनळ्या आवळून टाकू शकतो. ताज्या सर्दीत अस्तर आधीच सोललेलं असतं, त्यावर आणखी डिवचलं तर सूज वाढते. यात माझी भर एवढीच: गरोदरपणात नको, नाकातून रक्त येण्याची खोड असेल तर नको, रक्तदाब चढा असेल, डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर मुळीच नको. जोरदार शिंकेने डोळ्यातला दाब क्षणभर वाढतो, आणि ताज्या टाक्यांना ते परवडत नाही.

नाक मोकळं करायचा याहून सौम्य उपाय म्हणजे मिठाचं पाणी. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ. पाणी मात्र उकळून कोमट केलेलं हवं. विहिरीचं, ओढ्याचं किंवा टाकीतलं कच्चं पाणी नाकात ओढू नये, कारण गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तो आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुधा जीवघेणा ठरतो, आणि पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात. मिठाच्या पाण्यात शिंकांची मजा नाही, हे खरं.

आणि एक खूण लक्षात ठेवा. दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसची डोळ्याकडची भिंत इतकी पातळ असते की शरीरशास्त्रात तिच्या नावातच कागद आहे. सर्दी-सायनसच्या आजारात, विशेषतः लहान मुलांत, पापणी सुजून डोळा मिटायला लागला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, एकाचे दोन दिसू लागले किंवा ताप चढला, तर संसर्ग त्या भिंतीतून डोळ्याकडे निघालेला असू शकतो. तेव्हा पुडी नाही, काढा नाही, तासाभरात दवाखाना. नाकाचा आणि डोळ्याचा आजार एक होण्याची खरी धोक्याची जागा ती.

कुंडीकडे वळण्याआधी थोडं धंद्याबद्दल. शेजारच्या शहापुरात कातकरी तरुणांनी सरकारच्या वन धन योजनेतून गुळवेलीचा धंदा उभा केला आणि मोठ्या औषध कंपन्यांना माल पुरवला, हे तुम्ही वाचलं असेल. नाकशिंकणीला तसे दिवस येतील का? मला कठीण वाटतं. गुळवेल कांडीवर लागते, झाडावर चढते, एका वेलीतून किलोंनी मिळते. ही सुकली की टोपलीभर पाल्याची मूठभर होते, आणि माणूस दिवसभर उकिडवा बसला तरी पोतं भरत नाही. तिचं मोल घरच्या डबीपुरतंच.

राहिला कुंडीचा प्रश्न. लावता येते. ती एका हंगामाची आहे. उन्हाळ्यात खाचर तडकलं की मरते आणि बी मातीत टाकून जाते. पसरट, उथळ कुंडी घ्या. पिकलेली बटणं फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच खाचरातल्या मूठभर चिखलमातीसकट आणा आणि मातीवर नुसती भुरभुरवा, पुरू नका. बी फार बारीक असतं. कुंडीखाली ताटली ठेवून तीत पाणी राहू द्या, कारण तिला ओल लागते. वरून झारीने झोडपलं तर बी वाहून जाईल. पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, बाटलीवर नाव लिहा, आणि ती मिरपुडीच्या शेजारी ठेवू नका.